लाल काचेतले आकडे

३ तारीख, सोमवार

ही वही नातीने दिली. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ. वही हातात ठेवून म्हणते कशी, "आजी, तू दिवसभर जेवढं बोलतेस ना, त्यातलं निम्मं ह्यात लिहीत जा. आम्हाला तेवढाच आराम." कॉलेजात जायला लागल्यापासून जीभ फारच लांब झालीय तिची. पण वही छान आहे, रेघा ठळक आहेत. माझं शिक्षण म्हणजे दुसरी आणि वर थोडं. अक्षरं मी जुळवून जुळवून लिहिते, शिवणातल्या टाक्यांसारखी.

आज आनंदाची गोष्ट घडली म्हणून आजच सुरुवात करते.

सूनबाई ह्यांचं कपाट आवरत होती. प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरला आतून ह्यांच्या नावाची पट्टी शिवतेय बिचारी. म्हटलं, घरात काय दहा पुरुष आहेत का, कुणाचा सदरा कुणाला जायला? तर म्हणाली, "असू दे आई, बरं असतं." फार काटेकोर आहे ती. तर त्या कपाटात वरच्या खणात, ब्लँकेटच्या घडीत, ह्यांचा रशियाचा कॅमेरा निघाला!

मला वाटलं होतं स्टुडिओ बंद केला तेव्हाच तो गेला. कातड्याच्या पेटीतला, घडीचा. मिटलेला असला की जाड पाकिटाएवढा आणि उघडला की पुढचं दार खाली पडतं, भाता बाहेर येतो आणि भात्याच्या टोकाला भिंग. तोंडावर रशियन अक्षरं कोरलीत. ती मलाही वाचता येत नाहीत आणि ह्यांनाही येत नव्हती. लिहिण्यावाचण्याच्या बाबतीत आम्ही दोघं बरोबरीचे असलो तर त्या एका ओळीपुरते.

मी तो पुसून ह्यांच्या मांडीवर ठेवला. आणि बघा! ज्या माणसाला सदऱ्याची बटणं लागत नाहीत, सकाळी दात घासायचा ब्रश हातात घेऊन जो दहा मिनिटं त्याच्याकडे बघत बसतो, त्याने न बघता अंगठा बरोबर बटणावर नेला. खट्. भाता बाहेर. डोळ्याला लावला, बोटाने ते बारीक चाक फिरवलं आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

मी सूनबाईला हाक मारून मारून घसा बसवला. ती आली, बघितलं, हसली, आणि पुन्हा पट्ट्या शिवायला गेली.

मला औषध सापडलं. एवढंच लिहायचं होतं.

६ तारीख, गुरुवार

मधले दोन दिवस लिहिलं नाही. ह्यांचा एक दिवस बरा गेला, एक नाही.

आज भिंगरीला घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. बाजारामागच्या गल्लीत जिन्याखाली त्याचं दुकान आहे, दुकान कसलं, खोकंच. माणूस वाकून वाकून प्रश्नचिन्हासारखा झालाय. डोळ्यात भिंग अडकवलेलं, तसाच वर बघून म्हणाला, "आजी, हे कुठल्या खाणीतून काढलंत?" मी म्हटलं, "खाण माझ्याच घरात आहे, खाणीचा मालक घरी झोपलाय."

भात्याला कोपऱ्यात टाचणीएवढी भोकं पडली होती, ती त्याने बुजवली. भिंग पुसलं. दोन चित्रांचं एक करायचं जे चाक असतं, ते तेल लावून मोकळं केलं. म्हणजे असं, की ह्या कॅमेऱ्यातून बघितलं की माणूस आधी दोन दोन दिसतो, एकावर एक सरकलेला. चाक फिरवत जायचं. दोन नाकांचं एक नाक झालं की फोटो नेमका येणार. हे म्हणायचे, "लग्नाचंही तसंच आहे, फिरवत राहायचं." मी म्हणायचे, "हो, आणि फिरवायचं कुणी, तर मीच."

एक गोष्ट मात्र त्याला जमली नाही. रोल पुढे सरकवल्याशिवाय दुसऱ्यांदा खटका दाबता येऊ नये म्हणून आत एक अडसर असतो. तो मोडला होता, तसा तुकडा आता मिळत नाही. त्याने काढूनच टाकला. "आजी, लक्षात ठेवा हं. प्रत्येक फोटोनंतर चावी फिरवायची. नाहीतर फोटोवर फोटो बसेल."

मला एवढं हसू आलं! अरे बाबा, म्हटलं, त्या चावीवर माझं अख्खं आयुष्य गेलंय. मला सांगतोस?

रोल एकच मिळाला. दुसरा मागवला तर पुढच्या महिन्यात येईल म्हणाला. एक पुरे.

९ तारीख, रविवार

आज मुलाशी बोलले.

कशाबद्दल ते आधी लिहायला हवं. मनातून टाळत होते. गेल्या महिन्यात हे दुपारी घरातून निघाले आणि दिवे लागायच्या वेळी दोन पोलिसांनी आणून सोडले. पायात चपला नव्हत्या. त्याआधी एकदा गॅस तसाच सोडला होता. तेव्हापासून मुलाच्या ड्रॉवरमध्ये एक कागद आहे. गावाबाहेर एक जागा आहे, जिथे अशा माणसांना सांभाळतात. कागदावर ह्यांचं नाव भरून झालंय, सही बाकी आहे. महिनाअखेरपर्यंत त्यांना सांगायचंय, नाहीतर खाट दुसऱ्याला जाईल.

मुलगा वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं, चार शिव्या दिल्या असत्या.

मी म्हटलं, "हे बघ. तुझे बाबा ह्या रोलमधले आठच्या आठ फोटो नीट काढतील. काढले तर तो कागद फाडायचा."

"आई, फोटो काढता येण्याचा आणि ह्याचा काय संबंध?"

"संबंध आहे. हात चालला की डोकं त्याच्या मागून येईल. गेल्या सोमवारी मी बघितलंय."

"तू बघितलंस." एवढंच म्हणाला.

भिंगरी मध्ये पडली, "बाबा, होऊन जाऊ दे ना. मी साक्षीदार." सूनबाई पाठ करून भांडी घासत होती, तिच्या हातातलं भांडं केव्हाच लख्ख झालं होतं तरी घासतच होती.

मुलगा बराच वेळ टेबलावर बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "बरं आई. रोल येऊ दे धुऊन. मग बघू."

बघू म्हणाला म्हणजे हो म्हणाला. त्याला मी जन्म दिलाय, मला कळतं.

१० तारीख, सोमवार

भिंगरीने विचारलं, आजी, तू स्टुडिओत नक्की काय करायचीस? तेव्हा तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

स्टुडिओतला मोठा कॅमेरा वेगळा, तिपाईवरचा. पण बाहेरच्या कामाला हाच. कारखान्यातल्या कामगारांचे गट, शाळेचे वर्ग, कुणाचं नवं दुकान, बंदरावरच्या बोटी. हे पुढे उभे आणि मी ह्यांच्या उजव्या हाताला. ह्यांचा एक नियम होता, समोरच्या माणसांवरून नजर काढायची नाही. "नजर काढली की माणसं सैल पडतात," म्हणायचे. मग खटका दाबला की समोर बघत बघतच कॅमेरा बाजूला माझ्याकडे धरायचे. न बोलता. मी चावी फिरवायची. कॅमेऱ्याच्या पाठीवर लहानशी लाल काच आहे, तिच्यात रोलच्या कागदावरचा आकडा सरकत येतो. पुढचा आकडा मधोमध आला की मी म्हणायचे, "झालं." की हात परत. इतक्या वर्षांत ह्यांनी चावीला एकदाही बोट लावलं नसेल. इंग्रजी आकडे मी त्या लाल काचेत शिकले. एक ते आठ. नऊ शिकायला पुढे बसचा नंबर कामी आला.

आठ झाले की कॅमेरा मिटायचे आणि म्हणायचे, "संपला. चला घरी." गट केवढाही मोठा असो, समोर साहेब असो नाहीतर कुणी, संपला म्हणजे संपला.

भिंगरी म्हणाली, "मग तुझे फोटो कुठायत?" माझे कुठून असणार? मी कायम उजव्या बाजूला. एकात माझ्या साडीचा पदर आलाय वाऱ्याने, तोही कापून टाकला होता.

१२ तारीख, बुधवार

आज सराव करायचा होता, पण कॅमेराच सापडेना. ह्यांना विचारलं तर म्हणाले, चोर आले होते, एक बाई होती त्यांच्यात, सारखी घरात फिरत असते. मी सगळं घर पालथं घातलं. शेवटी कपडे धुवायच्या मशीनमध्ये, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला निघाला. बरं झालं सूनबाईने बटण दाबलं नव्हतं. आम्ही दोघी हसलो. म्हणजे मी हसले.

चादर मी आजही तिच्या आधी उठून धुतली. तिला कशाला त्रास.

दुपारी हे अगदी छान बसले होते. मला म्हणाले, "तुम्ही थांबा, उन्हात जाऊ नका. तुमचे मालक येतील ना फोटो घ्यायला?" मी म्हटलं, "येतील की, काय घाई आहे." तुम्ही म्हणतात हल्ली मला! लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी एवढा मान मिळाला नव्हता. लाजच वाटते.

रिकाम्या कॅमेऱ्याने चार वेळा खटका दाबला. प्रत्येक वेळी हात बरोबर उजवीकडे आला. मी फिरवलं, "झालं" म्हटलं, हात परत गेला. मी डोळे मिटून फिरवत होते. सगळं होतं तिथेच आहे, फक्त वर धूळ बसली होती.

१५ तारीख, शनिवार

झाले! आठच्या आठ झाले!

मुलगा आणि सूनबाई कामावर, भिंगरीची परीक्षा. माझा बेत होता की ह्यांना खाली नेऊन रस्त्याचे चार काढायचे, चार शेजाऱ्यांचे. रोल ह्यांनी स्वतः भरला. कागदाचं टोक फटीत घातलं, गुंडाळलं, पाठ बंद केली. लाल काचेत एक आणायचं काम माझं, ते मी केलं. चपला घालायला वळले तेवढ्यात मागून म्हणाले, "बाई, बसा ना. उजेड बरा आलाय."

खिडकीजवळची खुर्ची दाखवली. मी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय का. कुणी नव्हतं. मी!

मी बसले. काय करावं कळेना, हात कुठे ठेवावेत तेही कळेना. इतक्या बायकांना मी सांगितलंय, हात मांडीवर ठेवा, आणि स्वतःला ठेवता येईनात. हे म्हणाले, "हनुवटी खाली. इतकी नाही, तुम्ही काही चोरी केलेली नाही." हा त्यांचा जुना विनोद! कारखान्यातली सगळी माणसं ह्याला हसायची. आणि म्हणाले, "चष्मा काढा. चष्म्यात खिडकी दिसते." काढला. मग मला समोर सगळं धुकंच, धुक्यात एक उंच माणूस आणि त्याच्या हातात काळं काहीतरी.

किती वेळ बघत होते! चाक फिरवत होते, फिरवत होते, आणि मी बसले होते दोनाची एक होत. कुणी माझ्याकडे इतका वेळ बघितल्याचं मला आठवत नाही. लग्नाच्या दिवशीही नाही, तेव्हा आमच्या दोघांच्याही माना खाली होत्या.

खटका. मग हात उजवीकडे नेला, हवेत थोडा वेळ तसाच धरला, आणि परत आणला. पुन्हा खटका. पुन्हा हात बाजूला. आठही वेळा. जुनी लकब काही जात नाही माणसाची! मला इतकं हसू येत होतं, पण हनुवटी हलेल म्हणून दाबून धरलं. एकदा मात्र हात जरा जास्तच वेळ बाहेर राहिला. मी म्हटलं, "अहो, मी इकडे समोर आहे." ते म्हणाले, "हलू नका."

तोंडाने मोजत होते. आठ झाले तसा कॅमेरा मिटला. "संपला. चला घरी." घरीच तर होतो. मी म्हटलं, चला.

उरलेला कागद मी गुंडाळून टाकला. बराच वेळ फिरवावं लागलं बाई, संपतच नव्हता. हाताला पूर्वीचा जोर राहिला नाही, दुसरं काय.

१७ तारीख, सोमवार

रोल भिंगरी देऊन आली. शुक्रवारी मिळणार. मी ठरवून टाकलंय, एक फोटो दाराजवळच्या भिंतीवर, एक मुलाला त्याच्या ऑफिसात ठेवायला, एक भिंगरीला. माझे आठ फोटो! एवढी मी कुठे कुठे लावणार?

मनगट निळं झालंय. सूनबाईने बघितलं. मी सांगितलं, चावी फिरवून झालं. ती म्हणाली, "आई, चावी फिरवून चार बोटांचे वळ उठत नाहीत." काल हे बाहेर निघाले होते, मी दारात उभी राहिले. ओळखलं नाही मला तेवढ्यापुरतं. त्याचं काय एवढं. ओळख पटल्यावर रडले. म्हणजे बहुतेक त्यासाठीच रडले.

मुलाला सांगू नकोस म्हटलंय तिला.

२१ तारीख, शुक्रवार

भिंगरी आली आणि आज ती एका जागी उभी राहिली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

फिल्मची लांब पट्टी होती, काचेसारखी स्वच्छ. आठांपैकी सात जागा कोऱ्या. पहिली तेवढी काळी, डांबर ओतल्यासारखी. मी म्हटलं, हे कुणा दुसऱ्याचं आहे, बदललं असेल दुकानात. ती म्हणाली, नाही आजी.

मुलाने पट्टी दिव्यासमोर धरली. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं, हे मी खरं लिहिते. तो म्हणाला, "आई, बाबा एकाच जागी आठ वेळा दाबत राहिले. त्यांना कळलंच नाही गं."

हे शेजारी बसून पाव कुस्करत होते.

मी चहा केला. पाच कप केले आणि सहावाही केला, कुणासाठी कुणास ठाऊक.

२२ तारीख, शनिवार

सकाळी चादर पिळता पिळता माझे हात थांबले.

चावी.

चावी माझी होती. ह्यांनी आठ वेळा हात बाजूला धरला. आठ वेळा थांबले. मी समोर बसले होते हनुवटी धरून, चष्मा काढून, नव्या नवरीसारखी, आणि हसत होते त्यांच्या लकबीला. दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं. मी त्याला हसले होते. इतक्या वर्षांत एकदा मी कॅमेऱ्यासमोर बसले आणि नेमकी तेव्हाच चावी विसरले. शेवटी कागद संपत का नव्हता ते आता कळलं. सात फोटोंचा कागद मी कोराच गुंडाळत होते.

ह्यांनी एकही चूक केली नाही. एकही नाही.

मुलगा उठल्या उठल्या सांगितलं. सगळं सांगितलं, हात कसा धरायचे तेही करून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं आणि माझा हात हातात घेतला.

"आई, पुरे आता."

"अरे, पुरे काय? माझी चूक आहे!"

"गॅस राहिला तेव्हाही तुझी चूक होती. बाबा हरवले तेव्हा तूच दार उघडं ठेवलं होतंस. चादरीवर तूच पाणी सांडतेस. हाताचे वळही तुझेच." त्याने माझं निळं मनगट उजेडात धरलं. "किती पांघरूण घालशील?"

ते सगळं मी सांगितलेलं होतं, खरंय. ते सगळं खोटं होतं. आणि हे एकच खरं आहे. आता खरं कुठल्या तोंडाने सांगू? माझ्याकडे तेच एक तोंड आहे.

भिंगरीकडे बघितलं. साक्षीदार होती ना ती. ती म्हणाली, "आजी गं..." आणि रडायला लागली.

२५ तारीख, मंगळवार

दुरुस्तीवाल्याकडे एकटी गेले. पट्टी दाखवली. डोळ्यातल्या भिंगाने त्याने बराच वेळ बघितलं. त्या काळ्या जागेतून जोरात उजेड मारून एक फोटो त्याने छापून दिला, तिथेच मागच्या मोरीत.

त्यात खिडकी आहे आणि खिडकीसमोर बायकांचा ढीग. एकीच्या गालातून दुसरीचा कान निघालाय. आठही मीच. तो काडीने दाखवत गेला, "हे बघा नाक. हे दुसरं. हे तिसरं. आजी, आठही नेमके आहेत. एकही हललेला नाही. हे ज्याने काढलेत त्याचा हात आजही माझ्यापेक्षा बरा आहे."

मी धावत घरी आले. धावत म्हणजे माझ्यापरीने.

मुलाने फोटो बघितला, टेबलावर पालथा ठेवला. "दुरुस्तीवाला तुझं मन राखतोय, आई." मग म्हणाला, "सही मी काल केली."

२६ तारीख, बुधवार

सगळ्या कपड्यांना नावाच्या पट्ट्या आहेत. मोज्यांनासुद्धा. आता मला कळलं. मला म्हणजे तेव्हाही कळलं होतं बहुतेक, मी लिहिलं नाही.

३० तारीख, रविवार

ह्यांना नेलं.

इस्त्रीचा सदरा घातला होता, केस विंचरले होते. त्यांना वाटलं बाहेरचं काम आहे. गाडीत बसताना वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, रोल घेतलास का?"

अगं म्हणाले. कितीतरी दिवसांनी.

मी म्हटलं, घेतलाय.

७ तारीख, रविवार

भेटायला फक्त रविवारी देतात, तासभर. जागा स्वच्छ आहे. भिंतींना फिका हिरवा रंग, जेवायला वेळेवर देतात, खिडक्यांना जाळ्या आहेत. खोटं कशाला लिहू, घरापेक्षा स्वच्छ आहे. कॅमेरा नेला होता. दारावरच ठेवून घेतला, धातूची वस्तू आत चालत नाही.

हे ओळीने मांडलेल्या खुर्च्यांमध्ये तिसऱ्या खुर्चीवर होते. समोर बघत होते. आणि उजवा हात बाजूला धरला होता, मूठ अर्धी मिटलेली.

तिथल्या सेविकाबाई भल्या आहेत. म्हणाल्या, "आजी, हे दिवसभर असाच हात काढतात हो. तहान लागली असेल म्हणून आम्ही पेला देतो हातात, तर धरून ठेवतात आणि मग सगळं सांडतात. बोलत काही नाहीत. डॉक्टर म्हणाले, हाताला झटके येतात. गोळी सुरू करायचीय."

मी त्यांच्या उजवीकडे जाऊन बसले. त्या मुठीवर, जिथे चावी असते तिथे, दोन बोटं ठेवली आणि फिरवली. म्हटलं, "झालं."

हात परत गेला. डोळ्याजवळ नेला, अंगठा दाबला आणि पुन्हा माझ्याकडे आला.

सेविकाबाई बघतच राहिल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगून सांगून काय होतं ते मी बघितलंय.

२१ तारीख, रविवार

गोळी सुरू झालीय. हात आता हळू येतो, पण येतो. भिंगरी बरोबर आली होती. ती समोर उभी राहून बघत होती आणि मग एकदम म्हणाली, "आजी, तू खरं सांगत होतीस." मी म्हटलं, हो गं. ती म्हणाली, बाबांना सांगू? मी म्हटलं, आता त्याला कशाला. आयुष्यभर घेऊन फिरेल बिचारा.

फिरवताना मी मनात लाल काच धरते. दोन. तीन. चार. मध्ये हे समोरच्या रिकाम्या भिंतीला म्हणतात, हनुवटी खाली. पाच. सहा. आठ येऊ द्यायचा नाही, एवढं मी जपते. आठ झाले की हे उठतील आणि म्हणतील, संपला, चला घरी. मग मी ह्यांना काय सांगू?

आज सात झाले. हात पुन्हा बाजूला आला. मी बोटं ठेवली, फिरवली नाहीत. बाहेर घंटा झाली, सगळ्यांच्या खुर्च्या सरकायला लागल्या.

म्हटलं, "रोल अडकलाय. थोडं थांबाल का?"

"थांबतो की," हे म्हणाले. नजर समोरच होती. मी दारापर्यंत जाऊन वळून बघितलं, हात तसाच उजवीकडे धरला होता.